उन्हाळी सुट्टीनंतर सरकारी शाळा: नागपुरातल्या नव्या पालकांसाठी पायरी पायरीनं

नागपुरात मे महिन्यात मूल घरात सांभाळणं काय असतं, हे इथला एक उन्हाळा काढल्याशिवाय कळत नाही. सकाळी दहानंतर बाहेर सोडायची सोय नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की संध्याकाळी सहालाही अंगण तापलेलंच. कूलर एका खोलीत, म्हणून सगळं घर त्या एका खोलीत. भावंडांची भांडणं, मोबाइलवरून कटकट, दुपारची झोप लांबली की रात्री अकरापर्यंत जागरण. मग शाळेची तारीख कळते आणि आईच्या तोंडून आपसूक निघतं, "सुटलो बाप्पा!" त्याच रात्री त्याच आईच्या पोटात कालवतं. एवढंसं लेकरू, एवढ्या पोरांत राहील का? कोणी मारलं तर सांगेल का? शी लागली तर बोलेल का?

ज्यांचं मूल पहिल्यांदाच महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार आहे, त्यांच्या मनात याच्याही खाली आणखी एक गोष्ट असते. आपण कमी पैशांत भागवलं का, लेकराचं नुकसान तर केलं नाही ना, असा एक सल. शाळा बदलून मोठ्या वर्गात जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही तो असतो, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हायसं वाटतंय त्याची लाज बाळगू नका आणि काळजी वाटतेय ती घरात घोळवत बसू नका. ती काळजी घेऊन सरळ शाळेत जा. खाली जे लिहिलंय ते बरंचसं या जाण्याबद्दलच आहे. मी स्वतः मनपा शाळेची पालक आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसले आहे, त्यामुळे फाटकाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

आधी तारीख पक्की करा

बदली होऊन पुण्याकडून, नाशिककडून आलेल्या घरांची पहिली धांदल इथेच होते. तिकडच्या नातेवाइकांची मुलं जूनच्या मध्याला शाळेत जायला लागतात, आणि इथे शाळा बंद. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. २०२४ साली राज्यात इतरत्र शाळा १५ जूनला सुरू झाल्या, विदर्भात १ जुलैला. २०२५ मध्ये तिकडे १६ जून, इकडे २३ जून. दर वर्षी तारीख वेगळी असते, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबू नका. शाळेच्या फलकावर बघा किंवा मुख्याध्यापकांना विचारा.

दुसरं, वेळ विचारून घ्या. पावसानं जोर धरला नसेल तर सुरुवातीचे दिवस बऱ्याचदा सकाळपाळी असते आणि मूल बाराच्या आत घरी येतं. आई-बाबा दोघंही कामावर जात असतील तर खरी अडचण इथे होते. त्या आठवड्यात मुलाला घ्यायला कोण जाणार, ते आधी ठरवा. आजी असेल तर उत्तम. नसेल तर त्याच वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आईशी आत्ताच ओळख काढा. परगावाहून आलेल्या घराला या ओळखीचा वर्षभर जेवढा उपयोग होतो, तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही.

कागदपत्रं

हे पटकन उरका. जन्माचा दाखला, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि दुसऱ्या शाळेतून येत असाल तर टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. जातीचा दाखला असेल तर त्याची झेरॉक्स. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. काही कागद हातात नसेल तर घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेनं टीसी द्यायला उशीर केला म्हणूनही अडवता येत नाही. कुणी अडवलंच तर आवाज चढवू नका, "कारण लेखी द्या" एवढंच म्हणा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

मुलाचं पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारवर बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात. शाळेच्या ऑनलाइन नोंदीत नाव, जन्मतारीख आधारशी जुळली नाही की पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी घोळ होतो. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग काय आहे ते आत्ताच नीट वाचून घ्या.

"शाळा उघडू दे, मग बघ" हे वाक्य बंद करा

अख्खा मे महिना हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. पोट्टा ऐकेना झाला की, "थांब, शाळा उघडू दे, मॅडम सरळ करतील." बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं, उन्हानं आणि कटकटीनं जीव वैतागलेला असतो. पण मूल ते ऐकून ठेवतं. मॅडम म्हणजे शिक्षा करणारी बाई, असं चित्र त्याच्या डोक्यात पक्कं होतं, आणि पहिल्या दिवशी ते फाटकाला धरून बसलं की आपण विचारतो, "काहून रडून राहिला?"

मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं याला कायद्यानं शाळेत बंदी आहे, हे तुम्हाला माहीत असू द्या आणि मुलालाही सोप्या शब्दांत सांगा. शाळेत मॅडम मारत नाहीत, मारलं तर मला सांगायचं. हे वाक्य त्याच्या मनात असलं की ते शाळेत अर्धं निर्धास्त असतं. आजोबा, काका, शेजारी यांनाही सांगून ठेवा, की या पोराला शाळेची भीती घालू नका.

त्याच्याच जोडीनं आणखी एक. सुट्टीत मूल वर्ध्याला, भंडाऱ्याला, यवतमाळला मामाकडे गेलं असेल तर शाळा उघडायच्या निदान आठ दिवस आधी परत आणा. आदल्या रात्रीच्या एसटीनं आलेलं मूल सकाळी शाळेत जाताना शाळेसाठी रडत नसतं. ते आजीसाठी, आंब्याच्या झाडासाठी, रात्री गच्चीवर टाकलेल्या गाद्यांसाठी रडतं. त्याला ते दुःख करायला चार दिवस द्या. आजीशी फोनवर बोलू द्या, "आता पुरे झालं" म्हणून तोडू नका. त्याच आठ दिवसांत झोप रोज थोडी अलीकडे आणा. नऊला झोपवायचं असेल तर आधी तुमचा स्वतःचा मोबाइल नऊला बाजूला ठेवावा लागेल, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

मुलाला घेऊन शाळा बघून या

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि हीच सगळे वगळतात. शिक्षक मुलांच्या एक-दोन दिवस आधीपासून शाळेत येतात. वर्ग झाडणं, पुस्तकांचे गठ्ठे लावणं सुरू असतं. त्या दिवसांत सकाळी जा, मुलाला सोबत न्या. घाईत असलेले शिक्षकही त्या दिवशी दोन मिनिटं देतात.

मूल आवारात फिरत असताना तुम्ही चार गोष्टी स्वतः बघा. पिण्याच्या पाण्याची टाकी धुतली आहे का, नळ मुलाच्या हाताला पुरतो का. संडासाला पाणी आणि आतून कडी आहे का. कडी नसलेल्या संडासात मुली जात नाहीत, सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि मग दुखणी सुरू होतात. मुलाच्या वर्गाच्या छताखाली भिंतीवर ओल आहे का, कारण शाळा उघडते तेव्हाच आपल्याकडे पाऊस धरतो आणि गळणारा वर्ग पहिल्या आठवड्यातच कळतो. आणि एका वर्गात किती मुलं बसतात. कायद्यानं पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असायला हवा. प्रत्यक्षात काही शाळांत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. असं दिसलं तर घाबरून परत फिरू नका, पण विचारा. माझ्या मुलाला दिवसातून किती वेळ शिक्षक समोर असतील, बाकीचा वेळ तो काय करेल? चांगले शिक्षक याचं सरळ उत्तर देतात.

मुलाला तीन जागा दाखवा: त्याचा वर्ग, पाण्याचा नळ आणि संडास. पहिलीतलं मूल पहिल्या दिवशी बहुतेक या तीन गोष्टींसाठीच रडतं. "मॅडम, मला लघवीला जायचं आहे" हे वाक्य घरी चार वेळा मोठ्यानं म्हणायला लावा. घरी हिंदी किंवा गोंडी बोलत असाल तर तर नक्कीच. मनपाच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा माध्यमांच्या आहेत, पण निवडलेल्या माध्यमाची भाषा घरी बोलली जात नसेल तर ही चार-पाच वाक्यं मुलाच्या तोंडात बसवणं हे तुमचं काम.

पहिलीत जाणाऱ्यांसाठी 'पहिले पाऊल' नावाचा शाळापूर्व तयारी मेळावा होतो. त्यात सात टेबलं मांडलेली असतात. नोंदणीपासून सुरुवात, मग उड्या मारणं, चित्र ओळखणं, गोष्ट सांगणं, वस्तू मोजणं, आणि शेवटी पालकांशी बोलणं. ही परीक्षा नाही. मुलाला काय येतं आणि कशाला मदत लागेल एवढं कळावं म्हणून आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घ्यायला कायद्यानं मनाईच आहे, त्यामुळे मूल त्या दिवशी गप्प राहिलं तरी काही बिघडत नाही. आयांचे गट केलेले असतात, घरी करायच्या छोट्या कृती दिल्या जातात. त्या गटात जरूर जा.

पहिला दिवस

सरकारी शाळांत पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. फाटकाला तोरण, दारात रांगोळी, नव्या मुलांचं औक्षण, गुलाबाचं फूल, हातात नवी पुस्तकं. कुठे ढोल-ताशे, कुठे बैलगाडीतून मिरवणूक. हे मनापासून केलं जातं आणि मुलांना आवडतं, पण लाजाळू मूल या गोंधळानं बावरतं. तसं असेल तर दहा मिनिटं लवकर जा, म्हणजे गर्दी व्हायच्या आधी ते वर्गात बसलेलं असेल.

निरोप छोटा ठेवा. मी दर वर्षी हे बघते: आई मुलाला सोडते, चार पावलं जाते, मूल रडतं, आई परत येते, डोळे पुसते, पुन्हा जाते. तिसऱ्या फेरीला दोघंही रडत असतात. मागे एकदा हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला असलेले एक बाबा बघितले. कंपनीचा शर्ट घातलेला, पाळी चुकेल म्हणून घड्याळाकडे लक्ष. ते मुलीसमोर उकिडवे बसले, तिच्या बाटलीचं झाकण तिच्याकडून दोनदा उघडून-लावून घेतलं, म्हणाले, "खिचडी खाल्ली की आजी येते. मी रात्री येतो, मग तू मला सांगशील काय काय झालं." उठले, तिचा हात मॅडमच्या हातात दिला आणि मागे न बघता गेले. मुलगी दोन मिनिटं रडली आणि मग बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायली.

यात तीन गोष्टी नीट झाल्या. कोण घ्यायला येणार ते खरं सांगितलं. केव्हा, ते घड्याळात न सांगता मुलाला कळेल अशा खुणेनं सांगितलं. आणि जातो म्हटल्यावर ते गेले. "मी इथेच झाडाखाली उभी आहे" असं खोटं कधीही सांगू नका. मूल मधल्या सुट्टीत त्या झाडापाशी जाऊन बघतं.

नंतर घरी याल तेव्हा घर शांत असेल. काही जणींना तेव्हा रडू येतं, काही जणी कूलर लावून तासभर गाढ झोपतात. दोन्ही ठीक आहे. दोन महिने न मिळालेला तो तास आहे. त्यात लगेच धुणं-भांडी काढू नका, आणि दर दहा मिनिटांनी वर्गशिक्षिकेला मेसेजही करू नका.

पुस्तकं, गणवेश, खिचडी

पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तकं शाळेतून मोफत मिळतात, बाजारातून विकत घेऊ नका. गणवेशाचे दोन जोड आणि बूट-मोजेही शासनाकडून आहेत, पण ते पहिल्याच दिवशी हातात पडतील असं धरून चालू नका. मूल जुन्या गणवेशात किंवा साध्या स्वच्छ कपड्यांत गेलं तरी चालतं, त्यासाठी त्याला घरी ठेवू नका. वह्या, कंपास, दप्तर यासाठी बर्डीच्या (सीताबर्डीच्या) किंवा इतवारीच्या बाजारात एकदाच जा. दप्तर हलकं घ्या, चित्रांवर जाऊ नका, चेन तपासा.

दुपारचं जेवण शाळेत मिळतं. योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य धरलेलं आहे. मुलं त्याला खिचडीच म्हणतात, वाटाण्याचा पुलाव असला तरी. आमच्याकडे काही पालक "आमचा मुलगा शाळेतलं नाही खात" हे अभिमानानं सांगतात. मला हे पटत नाही. सगळ्यांसोबत एका ओळीत बसून जेवणं हा शाळेचा मोठा भाग आहे, आणि पहिली मैत्री तिथेच होते. चवीबद्दल, स्वच्छतेबद्दल शंका असेल तर एक दिवस जाऊन स्वतः चाखून बघा. पालकांना तो अधिकार आहे.

विदर्भातली एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे. मुलाला सिकलसेल असेल तर ते लपवू नका, वर्गशिक्षकांना पहिल्या आठवड्यातच सांगा. अशा मुलाला सारखं पाणी प्यायला द्यावं लागतं, उन्हात पळवून चालत नाही आणि पावसात भिजलेले कपडे लगेच बदलावे लागतात. दमा, फिट, ॲलर्जी यांचंही तेच. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका.

"कॉन्व्हेंटमधी नाही टाकलं?"

हा प्रश्न येणारच. लग्नात, वाढदिवसाला, किराणा दुकानात. आणि विचारणारा बहुतेक वेळा वाईट मनानं विचारत नसतो, त्याला खरंच वाटतं की तुमची काहीतरी अडचण आहे.

याचं उत्तर आधी स्वतःला द्या. आर्थिक कारणानं इथे आलात तर ते कारण चांगलंच आहे. घराच्या हप्त्यातून आणि कर्जातून फी भरायची आणि घरात रोज त्यावरून भांडणं, यानं मुलाचं भलं होत नाही. शाळा घराजवळ आहे, मूल पायी जातं, मातृभाषेत शिकतं, या कारणांसाठी आलात तर तीही कारणं भक्कम आहेत. पण काही गोष्टी आपल्याला जास्त कराव्या लागतील, हेही मान्य करा. इथे रोजची डायरी, रोजचा ॲपवरचा निरोप बहुधा येत नाही. मुलाला वाचता येतंय का, हे तुम्हालाच बघावं लागतं.

त्याला शिकवणी लागत नाही. रोज पंधरा मिनिटं मुलाला मोठ्यानं वाचायला लावा. पुस्तकाचा कंटाळा आला तर रस्त्यावरच्या पाट्या वाचू द्या. मेट्रोनं गेलात तर स्टेशनांची नावं: खापरी, सीताबर्डी, लोकमान्य नगर. सीताबर्डी हा शब्द अडखळत वाचणारं मूल दिवाळीपर्यंत तो झटकन वाचू लागलं, की तुमच्या मनातली निम्मी शंका फिटेल. सुट्टीत विसरलेलं पहिल्या महिन्यात परत येतं, शिक्षक मागचा अभ्यास घेतातच. मूल पाचवीत किंवा आठवीत असेल तर मात्र वर्षभर जरा जास्त लक्ष ठेवा. त्या दोन वर्गांना आता वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं.

मुलासमोर शाळेची निंदा मात्र करू नका. "सरकारी शाळेत काय असतं" हे वाक्य काकाच्या तोंडून आलं तर तिथल्या तिथे, मुलाला ऐकू येईल असं, थांबवा. मूल रोज ज्या जागी जातं ती जागा घरच्यांना कमी वाटते, हे त्याला कळलं की त्याचं मन तिथे लागत नाही.

दोन-तीन आठवडे गेल्यावर

सुरुवातीचा उत्साह ओसरतो. पाऊस असतो, चिखल असतो, आणि हसत जाणारं मूल एका सकाळी "पोट दुखते" म्हणतं. ताप, उलटी, जुलाब नसेल तर प्रेमानं पण ठामपणे पाठवा, आणि संध्याकाळी शांतपणे विचारा. "शाळा कशी झाली?" असं विचारलं तर "चांगली" एवढंच उत्तर येतं. "आज तुझ्या बाजूला कोण बसलं होतं?", "खिचडी वाढली कोणी?" असं विचारा. रोज तेच पोट दुखत असेल, मूल एका ठरावीक माणसाचं नाव घेतल्यावर गप्प होत असेल, रात्री दचकत असेल, तर थांबू नका. वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, तिची माहिती विचारा. गंभीर असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.

याच सुमारास पालकसभा लागते. तिला जा, एक दिवसाची मजुरी बुडणार असेल तर नवरा-बायकोपैकी एकानं जा, तेही जमत नसेल तर आजीला पाठवा. तिथे शाळा व्यवस्थापन समितीबद्दल विचारा. कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा ती करते, आलेला पैसा कसा खर्च झाला ते बघते, आणि अध्यक्ष पालकांमधूनच होतो. कित्येक ठिकाणी कुणी पुढे येत नाही म्हणून नावं अशीच भरली जातात, आणि सह्या घरपोच घेतल्या जातात. बैठकीत बसल्याशिवाय सही करू नका.

संडासाच्या कडीसाठी आम्ही समितीच्या वहीत एका ओळीचा ठराव लिहिला, त्यावर उपस्थित सगळ्या आयांच्या सह्या घेतल्या आणि ठरावाची प्रत अर्जाला जोडून वर पाठवली. तोंडी सांगून हलत नव्हतं ते काम त्यानंतर झालं. ठराव कसा लिहायचा हे येत नसेल तर मागच्या बैठकीची वही मागून बघा, ती वाचायचा तुम्हाला हक्क आहे. बैठकीची तारीख फलकावर लिहिलेली नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा आणि घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.